करंगळीची ऊब

“करंगळी शेका, अंगठा नको!” वैद्य थांगबाईंचा तो आवाज आजही कानात आहे. चीनमधल्या चीचुन गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर गरोदर मिनलान होती. बाळ पायाळू होतं. तिथे शेक दिला की पोटातलं बाळ वळतं म्हणून सासू तिच्या पायाच्या करंगळीजवळ नागदवण्याची धुमसती कांडी धरून बसली होती.

“घरी आठवडाभर अंगठाच शेकलात, आई! आज नाही वळलं तर ऑपरेशन,” मिनलान कुरकुरली.

“चुकले गं बाई. वळेल.”

“तुमचा लेकही पायाळूच ना?”

“म्हणून तर अजून उलटा वागतो!”

“आई! आत केवढं फिरलं!”

“थांगबाई, धावा!”

“बघू... अहो, डोकं खाली आलं!”

“आई, निघालात कुठे?”

“करुणेच्या देवीला, क्वानयिनमातेला शब्द दिलाय. बाळ वळलं तर पावलोपावली माथा टेकत तिच्या देवळाचा डोंगर चढेन म्हणून.”

“अहो, तुमचे गुडघे!”

सासूने कांडी विझवून माझ्या हाती दिली आणि हळूच दार ओढून घेतलं.