शेवटचा आला की निघायचं

…नाही, मला एक सांगा, दारू सोडणं हा गुन्हा आहे का? कुठल्या कायद्यात, कुठल्या कलमात बसतो? तीस वर्षं बातमीदारी केलीय मी, कोर्टात बसून बसून माझ्या दोन पँटींची बुडं झिजली, पण असं कलम काही माझ्या कानावर आलं नाही! आमच्या ग्रुपातल्या वकिलाला विचारलं, तर म्हणतो कसा, "गुन्हा नाही रे, पण वाईट दिसतं." वाईट दिसतं! म्हणजे माणूस खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेला तर वाईट दिसत नाही, आणि लिंबूसोडा पिऊन त्याच खुर्चीत ताठ बसला तर वाईट दिसतं! दारू सोडली मी, आणि पोटात दुखतंय यांच्या!

'यांच्या' म्हणजे कोणाच्या? अहो, आमच्या सायकलवाल्यांच्या! चौघंच आहोत आम्ही. एक हा वकील. एक डॉक्टर, आमच्या घरचाच फॅमिली डॉक्टर, नाडीपासून नातेवाइकांपर्यंत माझं सगळं माहीत असलेला. एक कॅप्टन. हा कॅप्टन सैन्यातला वगैरे नव्हे हं, फरशांचं दुकान आहे त्याचं. पण सायकलवर बसला की गळ्यात शिट्टी घालतो, म्हणून कॅप्टन. आपल्याकडे शिट्टी ज्याच्या गळ्यात, हुकूम त्याचा, हे मी राजकारणात पाहिलं तसंच सायकलवरही पाहिलं. हा गृहस्थ सायकलची सीट काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो! म्हणे, "चाळीस ग्रॅम कमी झाली!" अरे, त्या सीटवर जे ठेवतोस, त्याचं वजन कर की एकदा! पण नाही. ते बोलायचं नाही.

तर दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर जातो. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची मोठी टाकी, टाकीपर्यंत डांबरी चढ, आणि चढ असा की पुढचं चाक तोंडाला लागेल. आणि कॅप्टनचा नियम एकच. "वर पोचलेल्याने थांबायचं. शेवटचा आला की निघायचं." मला हा नियम फार आवडायचा. वाटायचं, काय माणुसकी आहे! काय मैत्री आहे! थांबतात बिचारे! कोणासाठी? माझ्यासाठी. कारण शेवटचा मीच. दर रविवारी. बदल नाही.

शेवटचा का? कारण शनिवारची बैठक! स्टेशनरोडच्या त्या बारमध्ये शनिवारी संध्याकाळी चौघं बसायचो, आणि वकील माझा ग्लास भरत म्हणायचा, "घे रे, घे! बिअर म्हणजे धान्य. उद्या चढ आहे, साठा करून ठेव." साठा! मी काय गोदाम आहे? आणि बरं का, स्वतः हे तिघं एकेक ग्लास घेऊन दाणे निवडत बसायचे. साठा फक्त माझ्याकडे. हे मला तेव्हा का दिसलं नाही? अहो, दिसणार कसं? दिसण्याच्या स्थितीत असतो तर साठा झाला असता का?

मग एक दिवस रक्त तपासलं. डॉक्टरने रिपोर्ट वाचला, आणि चष्मा काढला. हा चष्मा काढतो तेव्हा समजायचं की आता विनोद बंद. म्हणाला, "हे बघ, यापुढे थेंबसुद्धा नाही. मला रविवारी चौघं हवेत, तिघं नकोत." बास. एवढंच. मी आयुष्यभर मोठमोठ्यांची भाषणं ऐकली, लिहून घेतली, छापली, एकाचंही ऐकलं नाही. याचं ऐकलं. सोडली.

तुम्हाला वाटेल, सोडणं कठीण. छे! सोडणं सोपं आहे, सोडलीय हे सांगणं कठीण! त्याच बारमध्ये त्याच टेबलावर बसलो आणि वेटरला म्हटलं, "सोडा." म्हणाला, "सोड्यात काय?"

"लिंबू."

"आणि?"

"मीठ."

"आणि?"

"बर्फ!"

तो वाकला, आवाज खाली आणला… "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

अरे, घरी ठीक आहे म्हणूनच तर सोडा मागतोय! त्यानंतर कॅप्टनने एक किस्सा सांगितला. तिघं हसले. मग अर्ध्या तासाने तोच किस्सा वकिलाने सांगितला. पुन्हा हसले. मग निघताना पुन्हा कॅप्टनने! आणि माझ्या लक्षात आलं, की हा किस्सा मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी मांडीवर थाप मारून हसलोय. शुद्धीत ऐकला तर त्यात हसण्यासारखं काय आहे? एक माणूस पंक्चर काढायला जातो आणि पंप विसरतो. संपला किस्सा! मी हसलो नाही, तर कॅप्टन म्हणतो, "याची गंमतच गेली." माझी गंमत गेली? तुझ्या किश्शात होती कधी? दारू सोडली मी, आणि पोटात दुखतंय यांच्या!

शेवटी शनिवारी घरीच बसायला लागलो. तर बायको! तिला आनंद व्हायला हवा की नको? ती म्हणते, "अहो, तुम्ही संध्याकाळचे घरी असता याची सवय नाही हो मला. कपाटं काय आवरता, डबे काय उघडून बघता, हे कधी आणलं, ते का आणलं… मी काय पत्रकार परिषद बोलावलीय का? प्या असं नाही म्हणत मी. पण जा ना कुठेतरी!" घ्या! घरचा पाठिंबा तो हा.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. दोनेक महिने गेले असतील, एका रविवारी मी चढायला लागलो, आणि पाय चालले! दम टिकला! डॉक्टरला पायथ्याशीच, निम्म्या चढावर वकिलाला मागे टाकलं, तो "अरे? अरे?" म्हणेपर्यंत वळण घेतलं, आणि वर पोचलो तो थेट कॅप्टननंतर. दुसरा! आणि वर काय पाहिलं?

बाकडं!

अहो, वर बाकडं आहे! सिमेंटचं, चांगलं लांबरुंद, टाकीच्या सावलीत, मागे टेकायला टाकीची गारेगार भिंत. समोर अख्खं गाव, आमच्या कचेरीचं छपरसुद्धा दिसतं. आणि कॅप्टन त्या बाकड्यावर पाय पसरून, थर्मासमधून चहा ओततोय. वाफा! बिस्किटं!

मी म्हटलं, "हा चहा कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

"मग मला कधी दिला नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मीच वेडा. "अरे, तू आलास की निघायचं असतं ना!"

ऐकताय ना? तू आलास की निघायचं असतं! म्हणजे ही ज्याला मी माणुसकी समजत होतो, ती यांची सहल होती! माझ्या धापांवर यांचा चहा उकळत होता! मी जितका हळू, तितकी यांची विश्रांती लांब, आणि म्हणून शनिवारी साठा! ज्या माणसाने अख्ख्या शहराची लफडी बाहेर काढली, त्याच्या स्वतःच्या ग्लासातलं लफडं त्याला इतकी वर्षं कळलं नाही!

इतक्यात वकील आला, बसला, चहा घेतला. आणि मग, बऱ्याच वेळाने, डॉक्टर. तोंड लाल, जीभ बाहेर, हँडलवर आडवा पडलेला. त्याने एक पाय जमिनीला टेकवला मात्र… पीईईप! कॅप्टनची शिट्टी. "शेवटचा आला! चला!" आणि डॉक्टरचा चेहरा, काय सांगू… रांगेत तासभर उभं राहून खिडकीशी पोचावं आणि आतल्याने फळी खाली ओढावी, तसा.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर मला म्हणतो, "तसं बघायला गेलं तर… अगदी थेंबसुद्धा नाही, असं काही मी म्हटलं नव्हतं."

"म्हटलं होतंस."

"संदर्भ वेगळा होता. तू माझ्या बोलण्याचा विपर्यास करतोयस."

विपर्यास! हा शब्द मी मंत्र्यांच्या तोंडून ऐकलाय, बिल्डरांच्या तोंडून ऐकलाय, आता डॉक्टरही! रविवारी चौघं हवेत म्हणून चष्मा काढणारा हाच का तो?

मी म्हटलं, ठीक आहे, भांडण कशाला, नियम बदला. शेवटचा आल्यावर सगळ्यांनी थोडं थांबा, त्यालाही बसू द्या. किती साधी सूचना! कॅप्टन म्हणाला, "अंग गार पडतं रे, स्नायू आखडतात." चहा पिताना आखडत नाहीत, फक्त दुसरा पीत असला की आखडतात! आणि वकील म्हणाला, "नियमात दुरुस्ती करायची तर एकमत लागतं." मी विचारलं, "विरोधात कोण?" त्याने हात वर केला.

आणि मग डॉक्टरने जाहीर केलं, "मी यापुढे येत नाही. गुडघा."

गुडघा कसला डोंबलाचा! मी दवाखान्यात गेलो. सायकल भिंतीला टांगलेली, तिच्या हँडलला छत्री अडकवलेली. सायकलला छत्री अडकवली, म्हणजे मालकाने तिची आशा सोडली असं खुशाल समजावं. मी म्हटलं, "गुडघा दाखव." त्याने चष्मा काढला. म्हणाला, "गुडघा ठीक आहे रे. पण दर रविवारी शेवटचा पोचायचं, आणि पाय टेकला की शिट्टी… नाही जमत मला. तुला कसं जमायचं?"

"मला? मी शुद्धीत कुठे होतो!"

तो हसला नाही. मीही नाही.

कारण मला पुढचं दिसत होतं. डॉक्टर गेला की शेवटचा वकील. वकील तर एकाच रविवारात राजीनामा देईल. मग कॅप्टन शिट्टी वाजवणार कोणासाठी? संपला ग्रुप. आणि तुम्हाला खरं सांगतो, रविवारी सकाळी टेकडी आहे, म्हणून माझी शनिवारची संध्याकाळ निभते. डबे मोजून नाही निभत. रविवार रिकामा झाला, तर शनिवारी मी कुठल्या टेबलावर बसलेला असेन हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या वेटरलाही ठाऊक आहे, बर्फ काढून तयारच असेल तो!

मी छत्री काढली. म्हटलं, "या रविवारी ये. मलाही चौघंच हवेत."

आला. चढ सुरू झाला. माझे पाय कसले मस्त चालले होते हो! आणि शेवटच्या वळणावर, वरून कोणाला दिसणार नाही अशा जागी, मी उतरलो, आणि स्वतःच्या हाताने चांगली घट्ट बसलेली चेन काढली. मागून डॉक्टर आला, हुश्श हुश्श करत. "काय झालं?"

"चेन!"

"थांबू?"

"जा रे, जा! वर जा तू!"

आणि तो गेला… मागे वळून बघत, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा! मी थांबलो. दम लागलेला नाही, घाम नाही, तोंडावर बाटलीतलं पाणी मारून घाम केला, सावकाश वर गेलो, आणि टाकीशी पोचल्यावर धापा टाकल्या. शुद्धीत धापा टाकणं काय असतं, करून बघा एकदा!

डॉक्टर बाकड्यावर, भिंतीला टेकून, हातात चहा. कॅप्टन ओरडला, "काय, काल बसला होतास वाटतं?" वकिलाने टाळी दिली, "मी म्हटलं नव्हतं? आला आपला माणूस परत!" किती आनंद! मी पुन्हा प्यायला लागलो, याचा इतका आनंद मी पीत होतो तेव्हासुद्धा कोणाला झाला नव्हता! मी तोंड उघडलं. अहो, एका चुकीच्या आकड्यासाठी मी माणसांना कोर्टात खेचलंय, खोटं छापलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारा माणूस मी! पण डॉक्टर माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत होता. त्याने चष्मा काढला, जवळ आला, आणि हळूच विचारलं, "थेंब नाही ना?"

"नाही."

त्याने चष्मा लावला. पुन्हा जाऊन बसला, आणि आणखी अर्धा कप ओतून घेतला!

खुलासा मी केला नाही. आता दर रविवारी चेन पडते. आता अख्ख्या गावात झालंय, की वार्ताहरसाहेबांनी पुन्हा सुरू केली. वेटर रस्त्यात भेटला तर सलाम करतो. बायको म्हणते, "घेत तर नाही, आणि बदनामी तेवढी आणता घरी!" मी पाय टेकतो, आणि… पीईईप! "शेवटचा आला! चला!"

निघतो. काय करणार? पीत होतो तेव्हा शेवटचा, सोडली तरी शेवटचा. फरक एवढाच, की आता वर बाकडं आहे हे मला माहीत आहे.