हनोख वाकरूळकर यांच्या कबरीचा दगड

दि. १८/११/२०२५

जबाब : श्रीमती मिल्का हनोख वाकरूळकर, वय ७१ वर्षे, धंदा – निवृत्त परिचारिका, धर्म – ज्यू (बेने इस्राएल), रा. भांगरवाडी, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती हनोख रेल्वेत गार्ड होते. ते सन २०१९ मध्ये वारले. मुलगा इस्राएलमध्ये अश्दोद येथे असतो. माझा जन्म, शिक्षण, नोकरी सर्व महाराष्ट्रात झाले. घरी आम्ही मराठीच बोलतो. हे मुद्दाम लिहावे, कारण मघाशी बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी मला "तुमी हिकडं कवा आल्या?" असे विचारले.

मळवली येथे आमच्या समाजाची लहान दफनभूमी आहे. तेथे अकरा कबरी आहेत, त्यांत एक माझ्या पतींची. लगतचे भातखाचर रखमाजी तिकोने, वय अंदाजे ७५, यांचे आहे. ते दरवर्षी दिवाळीनंतर तेथील गवत कापतात. आम्ही त्यांना कधी सांगितलेले नाही. मी त्यांना भाऊ म्हणते.

काल दि. १७ रोजी सकाळी ८ वा. त्यांचा फोन आला. "शिस्टरबाई, सायबांचा दगड फोडलाय. तुमी या." कोणी, असे मी विचारले. ते म्हणाले, "आमच्याच घरातल्यानं. माज्या नातवानं. मागनं दुसऱ्याकडनं कळायला नगं, म्हनून म्याच सांगतोय."

मी लोकलने मळवलीस गेले. दगडाचे तीन तुकडे झाले होते. वरच्या भागावर घणाचे घाव होते. तेथील इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरे राहिलेली नाहीत. खालचे मराठी नाव शाबूत आहे. कबरीवर आणखी काही केलेले होते, ते भाऊंनी मी येण्याआधी पाणी ओतून धुतले होते. ते काय होते, मी विचारले नाही.

नंतर भाऊंच्या घरी गेले. नातू स्वराज, वय २३, घरी होता. रविवारी दुपारी दोन मित्रांसह दगड फोडल्याचे त्याने कबूल केले. तो माझ्या पाया पडला व म्हणाला, "आजी, चुकलं. आमाला वाटलं त्या लोकांची कबर हाय. अक्षरं तसलीच दिसली. खालचं नाव वाचलंच न्हाई. तुमी इस्राएलवाले म्हंजे आपलीच मान्सं. तुमचा झेंडा तर आमी स्टेटसला ठेवतो."

मी विचारले, "आणि त्या लोकांची असती तर?"

त्याची आई सारिका म्हणाली, "च्या घ्या, निवतोय." भाऊ उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी चहा घेतला नाही.

पुढील भाग गुन्ह्याशी संबंधित नाही असे मला सांगण्यात आले, तरी लिहावा. हमिदाबाईंनी व मी दवाखान्यात एकोणीस वर्षे एका पाळीत काम केले. त्या दोन वर्षांपासून माझा फोन घेत नाहीत. शेवटच्या वेळी म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी तिकडे लहान मुलांचं काय चालवलंय, बघता ना?" मी म्हटले, बघते, मलाही झोप लागत नाही. तोपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. माझ्या माहितीप्रमाणे माझ्या लोकांची लोणावळ्यात चार घरे आहेत.

मुलगा तिकडे ये म्हणतो. मी सहा महिने राहून आले. तेथे दुकानात मला विचारीत, तुम्ही इंडियाच्या ना, मग खऱ्या ज्यू कशा?

पोराची कंपनीतली नोकरी जाईल, गैरसमजातून झाले आहे, मिटवून घ्या, असे गावातील काही जणांनी मला सांगितले. भाऊ मात्र म्हणाले, "लिवा, शिस्टरबाई. माज्याकडं बघून सोडू नका." म्हणून स्वराज व त्याच्या दोन मित्रांविरुद्ध माझी तक्रार आहे. दगड कोणाचा समजून फोडला, याने माझ्या तक्रारीत फरक पडत नाही.

नवा दगड मी स्वतः करून घेत आहे. वर काय कोरायचे, असे कारागिराने विचारले. फक्त मराठीत नाव घाल, असे मी सांगितले. शेजारची जागा माझ्यासाठी ठेवलेली आहे. माझ्याही दगडावर तेवढेच घालावे, असे मुलाला कळवले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे. ते खरे आहे.

सही : मिल्का ह. वाकरूळकर