पितळेच्या जागी पोलाद

नाही, हात काढू नका मिस्त्री. तिथंच राहू द्या, गिअरमध्ये. माझा अंगठा बटणावर आहे—दिसतोय ना? मग झालं. शेठ जेवायला गेलाय, शटर मी आतून लावलंय, आणि मोटर सुरू झाली की तुमची बोटं कुठल्या दातांत जातील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. घाम कशाला फुटतोय? तुम्ही लेथचं फीड दुरुस्त करायला आलात, मी दुरुस्त करून घेतोय. पिन काढायला हात घातलाय ना, मग पिन घेऊनच बाहेर येऊ दे. काय म्हणालात मघाशी शेठला—फीड अडखळतंय, पट्टा सैल असेल? पट्टा. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. पट्टा सकाळीच ताणलाय मी. लोखंडाचा तुकडा धरणारा चक जोरात फिरतो, हातानं चाक फिरवलं तर टूलची कॅरेजही सरकते—जड सरकते, पण सरकते. ऑटो लावलं, फीडनं आपोआप सरकायला सोडलं की मात्र दोन बोटं पुढं जाते, थबकते, धक्का देते. म्हणजे आतल्या पेटीतल्या गिअरचे दात गेलेत. कशानं गेले? राहू द्या, मीच सांगतो.

ह्या लेथला पितळेची पिन होती, फीड रॉडच्या तोंडाशी. कॅरेज कुठं अडली की पिन मोडायची, रॉड थांबायचा, माणूस वाचायचा. मोडायलाच ठेवलेली ती. मग ती रोज मोडायला लागली—का? कारण कॅरेजखाली कीस साचलेला, तेलाची भोकं बुजलेली, आणि फीडचा लिव्हर आतून असा झिजलेला की ओढला तरी सुटायचा नाही. पेटी खोलून बघायला नको होतं? पण शेठ डोक्यावर बसलेला, काम अडतंय, काम अडतंय. मग तुम्ही काय केलंत? तुटक्या ड्रिलचा दांडा ठोकलात. पोलाद. म्हणालात, आता मोडणारच नाही. नाही मोडली. शब्दाचे पक्के निघालात. मला कसं कळलं? टोकावरचं ग्रीस पुसून पाहिलं—शाळेत नाही गेलो मी मिस्त्री, पण पितळ पिवळं असतं एवढं कळतं.

पक्कड लागली का नीट? ओढा. हळू ओढलंत तरी चालेल, मला घाई नाही.

त्या दिवशी ह्या लेथवर माझा भाऊ होता, दादा; मी शेजारच्या ड्रिलवर. कॅरेज चककडे निघाली ती थांबेचना. दादा लिव्हर ओढत होता—दोन्ही हातांनी, पाय मशीनच्या पायाला टेकवून, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मला वाटलं, आता मोडेल पिन, आता मोडेल. टूल चकच्या जबड्यात घुसलं, त्यात धरलेला लोखंडाचा जॉब सुटला आणि दादाच्या छातीत बसला. छाती आत गेली हो. मी त्याला कवेत घेतलं तर तोंडातून रक्ताचा फेस, आणि चक आपला फिरतोय, त्याचंच रक्त माझ्या डोळ्यांत उडवतोय. आणि तुम्ही घरी आलात, चटईवर बसलात, आणि वहिनीनं विचारलं तर काय म्हणालात? डुलकी लागली असेल. डुलकी! त्या दिवसापासून ती बाई भिंतीवर डोकं आपटतेय. पोर रात्री रडत होतं, मीच ह्यांना उठवलं, मीच मारलं ह्यांना—दुसरं काही नाहीच तिच्या तोंडात. काल मी तिला गप्प करायला गेलो आणि हात उचलला. नुसता उचललाच नाही, मारलंही. आईसारखी आहे ती मला. ते जाऊ द्या. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगायचं हे, की आज तुम्ही माझ्याबरोबर घरी येणार, तिच्या समोर बसणार आणि म्हणणार, पिन मी घातली, तुझा नवरा टक्क जागा होता. नाहीतर ही बोटं इथंच राहतील. कुठली नको आहेत ते तुम्हीच सांगा.

आली? द्या इकडे. हात तिथंच—डावा हात द्या पुढं, उजवा तिथंच. बघू. ही बघा, बाभळीच्या खोडासारखी काळी, टणक—ग्रीस पुसू द्या जरा—

ही खाच कसली?

मधोमध. गोल, केसाएवढी. हातोडीनं अशी खाच पडत नाही मिस्त्री. कानशीनंही नाही. ही लेथवर घातलीये. तुमच्याकडे कुठं आहे लेथ? आणि ह्या लेथला दादाशिवाय कुणी हात लावत नव्हतं—मलासुद्धा लावू देत नव्हता. म्हणजे ही त्यानं—खाच ठेवली म्हणजे वेळेला तिथून मोडेल, असं वाटलं असेल त्याला. हो ना? शेठची कटकटही नको आणि जीवही वाचावा. पण एवढीशीच ठेवली. अजून जरा खोल जायचं होतं. जरासंच.

पिन त्यानं केली, तुम्ही नुसती ठोकलीत.

मग मघापासून बोलला का नाहीत? एवढी बोटं अडकलीत आणि तोंडातून अक्षर नाही. घरी बसून डुलकी म्हणालात ते दादाचं हे झाकायला? नका—बोलू नका. काही बोलू नका आता.

काढा हात. काढा म्हटलं ना, बटण सोडलंय मी. घरी यायचं नाही तुम्ही. दादा जागा होता एवढंच मी सांगेन तिला, पुढचं कुणी सांगायचं नाही. शटर उचला. खाली वाकून जा, अर्धंच उघडतं ते.

जा ना.