मुठीचं माप

नाही, नाही — तो फोन ठेव खिशात, फोटो नकोयत मला. मी काय विचारलं? वडील डावखुरे की उजवे? अरे, जेवतात कुठल्या हाताने ते नाही विचारत, आपल्याकडे डावखुऱ्यालाही फटके देऊन उजव्याने जेवायला लावतात — खिळा ठोकताना हातोडी कुठल्या हातात धरतात? माहीत नाही. बरं. उंची? "नॉर्मल." शी! नॉर्मल ही काय उंची झाली, परीक्षित? शर्टाचं माप सांगतोयस का मला — मीडियम, लार्ज? आणि खांदा? उजवा दुखतो की डावा? "बहुतेक नाही दुखत." बहुतेक! अरे, सख्खा बाप तुझा, वरच्या खोलीत झोपतो, आणि त्याचं माप मी सांगायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बस त्या स्टुलावर. त्या लांब रॉडला धक्का लावू नकोस — हो, तो लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलाय ना, तोच. तो विकायचा नाहीये. ऐक आता. स्पे रॉड म्हणजे माशांना गळ टाकायचा रॉड, दोन हातांनी फेकायचा. वरचा हात नुसता धरतो, ओढतो तो खालचा. उंच माणसाला लांब चालतो, खांदा गेलेल्याला आखूड आणि हलका लागतो, आणि ही कॉर्कची मूठ मी त्या माणसाच्या पंजाच्या मापाने घासतो — म्हणून तर लोक माझ्याकडे बॉथेलला गॅरेजमध्ये येतात, नाहीतर सिएटलला दुकानं काय कमी पडलीत? मग लाइन. तुला वाटलं दोरीच, कुठलीही बांधली की झालं. तर नाही. जड लाइन आखूड असते, घाईच्या माणसाला बरी, धाडकन जाते. लांब हलकी ती शांत माणसाची. चुकीची दिलीस तर रॉड जागाच होत नाही हातात, नुसती काठी हलवत बसायचं. लाइन रॉडला जुळवायची आणि रॉड माणसाला. माणूस कुठंय? पत्रिका काढून बसलास आणि मुलगाच आणला नाहीस! "बेस्ट द्या काका, बजेटचा प्रॉब्लेम नाही" — ह्या वाक्याचा वीट आलाय मला. रोज कुणीतरी येतं आणि हेच ओकून जातं.

आणि सरप्राइज कशाला? त्यांनी कधी मासे धरलेत? नागपूरला? नाही ना. मग त्यांना ह्या स्टीलहेड माशाचं वेड कधी लागलं? — काय? परत बोल. "त्यांचा वेळ जावा म्हणून." अस्सं. वेळ जावा म्हणून. आई गेली, घर विकलंत, त्यांना इकडे आणलंत, आता दिवसभर खिडकीत बसतात ते तुम्हाला बघवत नाही, म्हणून सकाळी नदीवर सोडायचं आणि ऑफिसहून येताना उचलायचं. डे-केअर आहे का ती स्कायकोमिश नदी? गळ्याएवढे रबरी कपडे घालून, कंबरभर गार पाण्यात, सत्तरीचा माणूस, एकटा! किळस येते रे मला तुम्हा लोकांची. नाही, बस, रागावलास तरी बस, ऐकून जा.

स्टीलहेड म्हणजे काय माहितीये? ह्याच नदीत जन्मतो, समुद्रात जातो, मोठा होतो आणि परत वर येतो, आपल्या पाण्यात. जंगली असला, पैदास करून सोडलेला नसला, तर घरी न्यायचा नाही, सोडायचा. पण सोडायचा म्हणजे फेकायचा नाही, बाबा. दमलेला असतो तो. त्याला पाण्यात दोन्ही हातांनी धरायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. तुझी बोटं बधिर झाली तरी थांबायचं. तो स्वतःहून शेपटी मारेल, तेव्हा हात काढायचा. माशासाठी एवढं करतात माणसं इथली. आणि तुम्ही? आणलंत, खोलीत ठेवलंत, वायफायचा पासवर्ड दिलात, झालं.

मला कसं माहीत म्हणजे? मला काय माहीत असायचंय! मी तर — पिंपरीला टूल रूममध्ये जन्म गेला माझा, मी कुठे मासे धरले होते? माझी बायको शोभना गेली आणि मुलाने, निहारने, इकडे आणलं. हे सगळं, ही लेथ, हे धागे, रॉड बनवायचा पहिला किट — त्यानेच आणून दिलं. खोक्यावर चिठ्ठी होती, "बाबा, टाइमपास." चांगला मुलगा आहे तो. तुझ्यासारखाच, बिझी. त्याला कशाला नावं ठेवू मी? मी तुझ्याबद्दल बोलतोय.

परत तिकडेच बघतोयस. सांगितलं ना, तो विकायचा नाही. निहारचा आहे. पहिला जो नीट जमला, तो त्याचाच केला. चार तुकडे होतात त्याचे, पण जोडूनच ठेवतो, लाइनसुद्धा जुळवून ठेवलीय — एखाद्या शनिवारी म्हणाला, चला बाबा, तर तयार हवा ना. जड लाइन लावलीय, घाई असते त्याला. — नाही, अजून नाही म्हणाला. माप? माप त्याने कशाला दिलं असतं? सोफ्यावर झोपला होता, लॅपटॉप पोटावर, हात खाली लोंबत होता. रॉडला गुंडाळायचा हाच लाल धागा घेतला आणि त्याच्या मुठीभोवती फिरवला. जागा नाही झाला. लहानपणी असाच झोपायचा. तसं घे तूही. विचारायची लाज वाटत असेल तर झोपेत घे, पण माप घेतल्याशिवाय — 

थांब. गॅरेजचं दार वर चाललंय. आला वाटतं. ऊठ, ऊठ, स्टूल सरक, त्याला गाडी आत घ्यायचीय. तो रॉड — धर तिकडून, लवकर, गाडीचा आरसा घासतो त्याला, परवा केवढा चिडला होता. पिरगाळू नकोस रे, सरळ ओढ! हां. दुसरा तुकडा. दे इकडे. आण ते चारही. आणि तू नीघ आता, बाजूच्या दाराने जा. वडिलांना घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस.

कोणी नाही रे निहार, गिऱ्हाईक होतं. झालं, झालं, काढलं मी सगळं. घे गाडी आत.