मनकर्णाकाकीची घोंगडी

वडवणीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी मेंढरं राखणारी मनकर्णाकाकी अन् सिनेमा काढणारी तिची पुतणी उज्ज्वला.

“काकी, उद्या शेवटचं शूटिंग हाय. परग्रहावरचा माणूस माळावर उतरतो, मेंढरं त्याच्याभोवती जमतात. न्हाई जमली तर सिनेमा अडकला.”

“काल जमली का?”

“त्याला बघून ओढ्यापल्याड पळाली.”

“पळतीलच. चांदीचा रंग कावून फासला त्याला?”

“तिकडची माणसं तशीच असतात.”

“तू बघून आलतीस व्हय?”

“काकी!”

“माझी घोंगडी टाक त्याच्या अंगावर. वासानं येतील.”

“अगं, परग्रहावरचा माणूस घोंगडी कशी पांघरंल?”

“एवढ्या लांबून आलंय लेकरू, अन् तुमी त्याला रंग फासून वाऱ्यात उभं केलंय!”