वापरातली वस्तू

सलूनमध्ये माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं नंबरची वाट बघत होतं. बाईंच्या मांडीवर नुकताच विकत घेतलेला जुना पितळी कंदील होता.

“घरी गेल्यावर चकचकीत घासून देतो.”

“हात लावू नका हं. हा काळपटपणा म्हणजे त्याचं वय आहे. घासलं की शान जाते.”

“आणि हे पोचे?”

“पोचे आहेत म्हणून तर घेतला.”

“अगं, पण पेटतो तरी का?”

“पेटवायचाय कुणाला? हॉलमध्ये नुसता ठेवायचाय.”

तेवढ्यात न्हाव्याने खुर्ची झटकली. “या काका. केस काळे करायचेत ना?”

“काकूंना विचार बाबा. हा पांढरेपणा म्हणजे माझं वय आहे. रंगवलं की शान जाते.”

“उठा आता. कंदील शोभेचा आहे. तुम्ही अजून वापरात आहात.”