तोंडात टाचण्या धरून

ओझेला : हलू नकोस. टाचणी लागेल.

क्रिस्टिना : पोटावर घट्ट होतोय झगा, आई.

ओझेला : सहावा महिना, घट्ट होणारच. सैल करतेय ना? आणि 'आई' म्हणू नकोस.

क्रिस्टिना : इथं आपण दोघीच तर आहोत.

ओझेला : दोघी असतानाच जीभ सोकावते, मग चारचौघांत घसरते. 'ए ओझेला' म्हण.

क्रिस्टिना : नाही हो माझ्याच्यानं होणार. सासू आहात तुम्ही माझ्या.

ओझेला : इथली एवढीएवढी गोरी पोरं मला 'ए ओझेला' म्हणतात. तुम्ही दोघांनी शिकागोत लग्न केलंत, तिथं ते लग्न. इथं मिसिसिपीत तो गुन्हा. काळ्यानं गोरी बायको केली म्हणून माझ्या रोलंडला तुरुंगात टाकतील. आणि तुरुंगापर्यंत जिवंत पोचला तर नशीब म्हणायचं.

क्रिस्टिना : ठाऊक आहे. म्हणून तर तो बसनं आला आणि मी एकटी मोटार हाकत आले.

ओझेला : मोठं शहाणपण केलंत! पण येऊच नये एवढं शहाणपण एकालाही सुचलं नाही.

क्रिस्टिना : बाबा गेले आणि मी तिकडं बसून राहू? शिकागोला आले होते तेव्हा माझ्या हातचं कोबीचं सूप रोज मुकाट्यानं प्यायले. रोलंडनं नंतर सांगितलं, त्यांना कोबी बघवत नाही म्हणून.

ओझेला : वासानंसुद्धा उठून जायचा. तुझ्यासाठी प्यायला.

क्रिस्टिना : मग शनिवारी मला चर्चमध्ये येऊ द्या. अगदी मागं उभी राहीन.

ओझेला : आमच्या चर्चमध्ये गोरी बाई लपते होय? दुधातली माशी दिसते तशी दिसशील. काळा झगा घाल आणि या खोलीत बस. खिडकीतून गाणी ऐकू येतात.

क्रिस्टिना : घरातच बसायचं तर झगा कशाला शिवताय?

ओझेला : तू त्याची सून आहेस. सुतक पाळायचं तर नीट बसेल असा झगा नको? ... थांब. मोटार थांबली फाटकाशी.

क्रिस्टिना : रोलंड तर नव्हे?

ओझेला : रोलंड कबर खणायला गेलाय. आणि ओसरीवर लाल गोधडी टाकलीय. ती दिसली की तो इकडं फिरकायचा नाही. ... अगं देवा. शेरीफची बायको. ऐक, तू फ्लोरिडाला निघालीस, वाटेत मोटार बिघडली, झगा सैल करायला आलीस. मी तुझी कुणी नाही. मी गुडघ्यावर बसते, मला उठवायला हात पुढं करू नकोस.

क्रिस्टिना : आई, मला खोटं बोलता येत नाही.

ओझेला : येईल. तुझा पाय माझ्या हातात आहे. आता माझ्या तोंडात टाचण्या आहेत, मला काही विचारू नकोस.

(मिसेस हॅडली दार न वाजवता आत येतात.)

मिसेस हॅडली : ए ओझेला! अगं, बाहेर आभाळ भरलंय आणि गोधडी ओसरीवर कसली टाकलीस?

ओझेला : भिजू दे, बाईसाहेब. आजारी माणसाची होती, धुवायचीच आहे.

मिसेस हॅडली : अगं बाई, गिऱ्हाईक आहे वाटतं! माफ करा हं. तुम्ही इथल्या दिसत नाही.

क्रिस्टिना : नाही. फ्लोरिडाला निघालेय. मोटार बिघडली.

मिसेस हॅडली : एकट्या? या दिवसांत? नवरा कसा हो असा तुमचा?

क्रिस्टिना : तो पुढं गेलाय. काम होतं.

मिसेस हॅडली : आणि काळा झगा? पोटुशी बाईनं काळं घालू नये.

क्रिस्टिना : सासरे गेले माझे. मंगळवारी.

मिसेस हॅडली : अरेरे! काय योग बघा, हिचा नवराही मंगळवारीच गेला. आमच्या बागेला पाणी घालायचा. ओझेला, एझ्राच्या जागी दुसरा पोऱ्या असेल तर सांग गं, गुलाब सुकायला लागलेत. आणि माझा पिवळा झगा शनिवारी होईल ना?

ओझेला : होईल, बाईसाहेब.

क्रिस्टिना : शनिवारी? अहो, शनिवारी तर त्यांचं दफन... आई गं!

मिसेस हॅडली : टोचली ना? मलाही परवा टोचली. एक ठेवून द्यावी, म्हणजे हात ताळ्यावर येतो. पण तुम्हाला हो काय ठाऊक, हिच्या नवऱ्याचं दफन कधी ते?

क्रिस्टिना : तीच... तीच सांगतेय मघापासून. तोंड बंद होईना तिचं. ए ओझेला, हात चालव! इथं रात्र काढायची नाहीये मला.

ओझेला : चुकलं, बाईसाहेब.

मिसेस हॅडली : यांचं असंच असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बरं, सासरे आजारी होते का हो?

क्रिस्टिना : झोपेत गेले. मी त्यांच्या जातीची नाही, चालीरीतीची नाही. घरचे सगळे बिचकले होते. यांनी मात्र पहिल्याच दिवशी स्वतः उठून मला खुर्ची दिली. म्हणाले, बस पोरी, दमली असशील.

मिसेस हॅडली : म्हणजे खरे गृहस्थ! अशी माणसं आता कुठं राहिलीत? रडा, मोकळ्या व्हा. हा घ्या माझा रुमाल. ओझेला, बघत काय बसलीस? पाणी आण यांना! सासरा गेलाय बिचारीचा.

ओझेला : आणते, बाईसाहेब.

मिसेस हॅडली : हे बघा, बाळ आजोबांच्या वळणावर जाणार. अगदी हुबेहूब आजोबा! मी बोलते ते खरं होतं बरं का. चला, माझ्या मोटारीतून सोडते तुम्हाला.

ओझेला : पाणी घ्या, बाईसाहेब. आणि झगा टाचण्यांवर आहे, शिवण घालेपर्यंत बाईंना थांबावं लागेल.

मिसेस हॅडली : मग नीट शिवून दे. देव तुमच्या सासऱ्यांच्या आत्म्याला शांती देवो हो. ओझेला, शनिवार विसरू नकोस.

क्रिस्टिना : ... गेली?

ओझेला : मोटार वळू दे. ... हं. गेली. आता बस.

क्रिस्टिना : मी काय काय बोलले तुम्हाला!

ओझेला : बोललीस म्हणून वाचलो. पाय दाखव. रक्त आलंय. माझी टाचणी खोल गेली.

क्रिस्टिना : हा रुमाल तुमचा आहे. सगळं सांत्वन तुमचं होतं. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही तिनं, उलट पाणी आणायला लावलं!

ओझेला : तिचं राहू दे गं. तिच्या अंगणात त्याचे केस पिकले तरी तो 'पोऱ्या'च. आज तिच्याच तोंडून 'गृहस्थ' निघालं. आमच्या एझ्राला. त्यानं ऐकायला हवं होतं. पोट धरून हसला असता.

क्रिस्टिना : आई, तुम्ही रडताय.

ओझेला : मंगळवारपासून तोंडात टाचण्याच आहेत. तोंड मोकळं असल्याशिवाय रडता येत नाही.

क्रिस्टिना : गोधडी काढू?

ओझेला : अजून नको. आधी ती शिवण घालू दे. वळ.

क्रिस्टिना : ती म्हणाली, हुबेहूब आजोबा.

ओझेला : ऐकलं मी. तिच्या तोंडात साखर पडो. तेच रुंद कपाळ, तोच रंग, तेच मोठे हात.

क्रिस्टिना : तसा झाला तर पहिल्यांदा तुम्हाला दाखवायला आणीन.

ओझेला : नको. मी येईन तिकडं, बसनं, मागच्या बाकावर बसून येईन. तसा झाला तर त्याला इथं आणू नकोस.